मुलाच्या अंगावर काळेनिळे डाग : कधी थांबायचं, कधी धावायचं

चालत्या-पळत्या मुलाच्या नडग्या, गुडघे, कपाळ काळंनिळं नसेल तरच नवल. हे डाग आठ-पंधरा दिवसांत हिरवट, मग पिवळट होऊन जातात. तान्ह्या बाळाच्या कमरेवरचा जन्मापासूनचा निळसर डाग तर मुका मारच नव्हे. त्याला औषध नको.

पोट, पाठ, कान, गाल इथं कारणाशिवाय डाग उठले किंवा न रांगणाऱ्या बाळाला एकही डाग दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके असतील तर पारदर्शक काचेचा पेला त्यावर दाबा. काचेखालूनही ठिपके तसेच दिसले, तर ते कातडीखालचं रक्त. सोबत ताप असेल, मूल मलूल असेल, तर रात्र असली तरी थेट इस्पितळ गाठा. काळ्या-सावळ्या कातडीवर ठिपके चटकन दिसत नाहीत; तळवे, तोंडातली टाळू, पापणीची आतली बाजू पाहा.

डागांबरोबर फिकटपणा, लांबलेला ताप, रात्री झोपेतून उठवणारी हाडदुखी, मानेत-काखेत गाठी, हिरड्यांतून रक्त यांपैकी काही असेल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) लगेच करा, स्मिअरसह (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं). प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) साधारण दीड ते साडेचार लाख असतात. नुसत्या प्लेटलेट कमी असतील तर बहुधा विषाणूज्वरानंतरचा आयटीपी (शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते तो आजार) किंवा डेंग्यू निघतो. हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशीही बिघडलेल्या असतील तर रक्ततज्ज्ञ हवेत. निदानाआधी स्टेरॉइड नकोच, त्यानं ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाकला जातो. तापाला पॅरासिटामॉल द्या. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको.