वकिलाशिवाय दावा घालताय? आधी हे बघा

डिचोलीतल्या आमच्या शेजारच्या काकींनी बांधाच्या वादात स्वतःच वादपत्र, म्हणजे दावा घालताना कोर्टात द्यायचा लेखी अर्ज, लिहिलं होतं. चार पानं, भावाभावांची सगळी भांडणं त्यात. पण बांध नेमका कधी मोडला ती तारीख नाही आणि सर्व्हे नंबरही नाही. खरं गाऱ्हाणं असलेल्या माणसाचा दावा अशा चुकीपायी जावा, याचं मला फार वाईट वाटतं.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधल्या आदेश 7, नियम 11 खाली न्यायालय वादपत्र दारातच नामंजूर करू शकतं. दाव्याला कारण काय घडलं हे दिसत नसेल, दावा घालायची कायद्यातली मुदत टळल्याचं वादपत्रावरूनच उघड असेल, किंवा सांगूनही दिलेल्या वेळेत कोर्ट फी भरली नसेल, तर वेळ तीच येते. म्हणून पहिल्याच परिच्छेदांत कोणी, कुठे, कोणत्या तारखेला काय केलं ते सरळ लिहा. जमीन असेल तर चतुःसीमा किंवा सर्व्हे नंबर द्या, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) जोडा. शेवटी सत्यापनाखाली, म्हणजे लिहिलेलं खरं असल्याच्या मजकुराखाली, सही आणि सोबत प्रतिज्ञापत्र, हे विसरू नका. सरकारविरुद्ध असेल तर एरवी दोन महिने आधी कलम 80 ची नोटीस लागते.

नामंजूर झालंच तर घाबरू नका. त्या हुकमावर अपील करता येतं. नियम 13 प्रमाणे चुका सुधारून नवं वादपत्रही घालता येतं, मात्र मुदत उरलेली हवी. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. म्हापसा असो वा मडगाव, विधी सेवा कार्यालयात कागद दाखवा, आणि ते दावा घालण्याआधी.