चिमुकल्याचा पहिला मासा: या चुका टाळा

दोन-अडीच वर्षांच्या मुलासाठी मासा आणला, की पहिल्या आठवड्यात घरातलं प्रत्येक माणूस त्याला खायला घालतं. सकाळी आजोबा, दुपारी आजी, संध्याकाळी बाबा आणि कुणाचं लक्ष नसताना बाळराजे स्वतः. मासा उपाशी राहील ही सगळ्यांची काळजी. प्रत्यक्षात तो मरतो उरलेलं खाणं कुजून बिघडलेल्या पाण्यात.

डबा अख्खा उपडा झाला तर

हे होणारच, त्यामुळे मुलावर ओरडू नका. वर तरंगणारं खाणं जाळीने काढा, तळाशी बसलेलं नळीने ओढून घ्या. मग एक तृतीयांश ते निम्मं पाणी बदला आणि दुसऱ्या दिवशी खाणं बंद. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ दिसलं, तर पुन्हा थोडं बदला. धडधाकट मोठा मासा दोन-तीन दिवस न खाता आरामात राहतो. गणपतीला चार दिवस गावी जाताना शेजाऱ्यांच्या हाती अख्खा डबा देऊ नका. द्यायचंच असेल, तर एकेका वेळेचं खाणं पुडीत बांधून द्या.

एरवी खाणं एका वेळी दोन मिनिटांत संपेल एवढंच. डबा फ्रीजवर ठेवा, मुलाच्या तळहातावर दोन-तीन दाणे तुम्ही द्या आणि टाकू द्या त्याला. त्याची हौस त्यात भागते. नंतर साबणाने हात धुवायचे, कारण टँकच्या पाण्यात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात आणि या वयात बोट थेट तोंडात जातं.

गोल बाऊल आणि गोल्डफिश

दुकानात ही जोडी हमखास गळ्यात मारतात. गोल्डफिश पंधरा सेंटिमीटरच्या वर वाढतो, नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो आणि घाणही भरपूर करतो. बाऊलमध्ये तो वाढत नाही, कुढतो. 'आठ सोनेरी नि एक काळा' हवाच, असा आजीचा वास्तूचा आग्रह असेल, तर नऊ माशांसाठी काही शे लिटरची पेटी लागेल हे आधी सांगा. बहुतेकदा आग्रह तिथेच मावळतो.

लहान जागेसाठी माझं मत फायटर (बेट्टा) माशाला. तो पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो, म्हणून बाऊलमध्ये तग धरतो. पण त्यालाही पंधरा-वीस लिटरची टँक द्या. वर झाकण हवंच, तो उडी मारतो. आणि नर एकच ठेवा.

आज टँक, आजच मासा

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. माशाच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढायला चार-सहा आठवडे लागतात. मासा आणूनच झाला असेल, तर खाणं अगदी कमी ठेवा आणि एक-दोन दिवसाआड पाव भाग पाणी बदला. मासा वर येऊन तोंड आ वासत असेल, तर आधी एक तृतीयांश पाणी बदला आणि हवेचा पंप चालू आहे ना ते बघा. रात्री वीज गेली आणि पंप बंद पडला, हे सकाळी कुणाच्या लक्षातच येत नाही.

सगळं पाणी ओतून काच चकचकीत घासणं हाही तसाच प्रकार. साबण नकोच. स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवायला त्यात अँटिक्लोरचे थेंब टाका, किंवा ते बादलीत रात्रभर उघडं ठेवा. आता ही भरलेली बादली मुलाच्या वाटेत नको. लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकतं. बाथरूममध्ये ठेवा आणि बाहेरून कडी लावा.

टँकही स्टुलावर नको. चाळीस लिटर पाण्याचंच वजन चाळीस किलो, त्यात काच आणि खडे, आणि मूल टेबलाची कड धरूनच उभं राहतं. वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर गेलेली असावी, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत पोहोचत नाही.

पावसाळ्यात डासांसाठी लावलेलं लिक्विड मशीन, कॉइल किंवा स्प्रे याकडे कुणी बघत नाही. त्यातली पायरेथ्रॉइड वर्गातली रसायनं माशांना फार विषारी असतात आणि हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात सोडतो. टँक असलेल्या खोलीत मच्छरदाणी लावा.

मेला तर

मुलाला 'झोपला' सांगू नका, रात्री तेच झोपायला घाबरेल. 'मासा मेला, आता परत येणार नाही' एवढं पुरतं. चार वेळा विचारेल, चार वेळा तेच सांगा. कुंडीत पुरा. कंटाळा आला म्हणून जिवंत मासा नदीत किंवा तळ्यात सोडू नका. टँकमधून सुटलेला सकर (काच चाटणारा मासा) आज देशातल्या अनेक तळ्यांत पसरलाय. आणि नवा मासा आणायला त्याच संध्याकाळी दुकानात पळू नका. आधीचा कशाने गेला हे कळेपर्यंत रिकाम्या टँकमध्ये फिल्टर चालू ठेवा आणि अमोनियाची चाचणी करून बघा.