सरासरी 502 ग्रॅम, तरी पाकीट हलकं कसं?

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला : "ताई, चकल्या छान झाल्या, पण पाकीट घरच्या काट्यावर 488 भरतंय." मला फार लागलं. आम्ही घरी चकलीची भाजणी करतो आणि 500 ग्रॅमची पाकिटं भरतो. त्याच सकाळी मी वहीत पाकिटांच्या वजनाची सरासरी 502 लिहिली होती. सरासरी बरोबरच होती, पण पाकिटं त्या सरासरीपासून किती लांब पळतात हे मी मोजलंच नव्हतं. मी कॉलेजात सांख्यिकी शिकलेली आहे, तरी हे राहून गेलं. म्हणून ते कसं मोजायचं ते इथे सविस्तर लिहिते आहे.

भरायला दोघी असतात, वहिनी आणि मावशी. दोघींच्या ढिगातून मी न निवडता नऊ-नऊ पाकिटं उचलली. रिकाम्या पिशवीचं वजन काट्यावर शून्य करून घेतलं आणि आतल्या मालाचं वजन लिहिलं.

वहिनी : 501, 503, 500, 502, 504, 501, 503, 502, 502.
मावशी : 502, 488, 511, 498, 506, 494, 515, 500, 504.

दोन्ही ओळींची सरासरी 502 येते, करून बघा. मीही याच आकड्यावर विसंबून होते.

पहिलं माप अगदी सोपं, विस्तार : सगळ्यात मोठ्यातून सगळ्यात लहान वजा. वहिनींचा 4 ग्रॅम, मावशींचा 27. घाईत एवढ्यानेही पुष्कळ कळतं. पण विस्तार फक्त दोन टोकांची पाकिटं बघतो, मधल्या सातांचं काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं.

म्हणून प्रत्येक पाकिटाला विचारायचं : तू सरासरीपासून किती दूर? मावशींच्या ओळीतून 502 वजा करत जा. 0, -14, 9, -4, 4, -8, 13, -2, 2. यांची बेरीज करायला जाल तर शून्य येईल. ती नेहमीच शून्य येते, कारण सरासरी म्हणजे अधिक-उणे जिथे फिटतात तीच जागा. उणे चिन्हं नुसती पुसून सरासरी काढली तर 56 भागिले 9, म्हणजे 6.2 ग्रॅम. हे सरासरी विचलन. समजायला सरळ आहे आणि घरच्या हिशेबाला चालतंही.

तरी मी वापरते ते प्रमाण विचलन. त्यात चिन्ह पुसायच्या ऐवजी वर्ग करतात. 0, 196, 81, 16, 16, 64, 169, 4, 4. बेरीज 550. वर्ग केल्याने 14 ग्रॅमची चूक 2 ग्रॅमच्या चुकीच्या सातपट नाही, एकोणपन्नासपट जड होते. आमच्या धंद्यात हेच हवं. दोन ग्रॅमने कोणी फोन करत नाही, चौदाने करतं.

आता 550 ला 9 ने नाही, 8 ने भागायचं. इथे बहुतेक जण अडतात, मीही कॉलेजात नुसतं पाठ केलं होतं. वरच्या नऊ फरकांतला शेवटचा 2 बोटाने झाका. उरलेल्या आठांची बेरीज -2 येते आणि एकूण बेरीज शून्य व्हायचीच आहे, तेव्हा झाकलेला आकडा 2 हे न बघता सांगता येतं. म्हणजे नऊ फरकांत मोकळे आठच, नववा बांधलेला. आपण मूठभर पाकिटांवरून सगळ्या मालाचा अंदाज करत असलो की एकाने कमी करून भागायचं. सगळा माल मोजलेला असेल तर पुऱ्या संख्येने. 550 भागिले 8 म्हणजे 68.75. हे प्रचरण, याचं एकक ग्रॅमचा वर्ग, त्यामुळे ते डोळ्यांसमोर येत नाही. वर्गमूळ घेतलं की परत ग्रॅममध्ये येतो : 8.3, हेच प्रमाण विचलन. वहिनींचं असंच केलं तर 12 भागिले 8, म्हणजे 1.5, आणि वर्गमूळ 1.2. संगणकावरच्या तक्त्यात 'एसटीडीईव्ही डॉट एस' लिहिलं की एकाने कमी करून, 'डॉट पी' लिहिलं की पुऱ्या संख्येने भागलं जातं. पण एकदा तरी हाताने करा.

हे 8.3 घेऊन करायचं काय? पाकीटबंद मालाच्या 2011 च्या नियमांत 500 ग्रॅमच्या पाकिटाला 3 टक्के, म्हणजे 15 ग्रॅमपर्यंत तूट सोसतात, मात्र सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये. म्हणजे हद्द 485. मावशींच्या सरासरीपासून 485 हे 17 ग्रॅम खाली, म्हणजे साधारण दोन प्रमाण विचलनं. वजनं मध्ये दाट आणि दोन्ही कडांना सारखी विरळ होत जातात असं धरलं, तर शंभरात दोन पाकिटं त्या हद्दीच्याही खाली जाणार. वहिनींची हद्द चौदा प्रमाण विचलनं लांब, तिथे काळजीच नाही. मावशींची पाकिटं तीन विचलनांनी सुरक्षित करायची तर सरासरी 510 वर न्यावी लागेल. पाकिटामागे 8 ग्रॅम जास्त, हजार पाकिटांमागे 8 किलो भाजणी. ही नऊ-नऊ पाकिटं हिशेब दाखवायला ठीक आहेत, असा निर्णय घ्यायचा असेल तर निदान तीस मोजा.

वहीत आकडा उलटा पडला तर काय होतं तेही बघा. 515 च्या जागी 551 लिहिलं गेलं, तर प्रमाण विचलन 8.3 वरून 18.2 वर जातं. अशा वेळी चतुर्थकं कामी येतात, म्हणजे क्रमाने मांडलेल्या आकड्यांचे चार सारखे भाग पाडणाऱ्या खुणा. आकडे चढत्या क्रमाने मांडा : 488, 494, 498, 500, 502, 504, 506, 511, 515. मधला 502 बाजूला ठेवा. खालच्या चारांचा मध्य 496, वरच्या चारांचा 508.5. फरक 12.5, म्हणजे मधली निम्मी पाकिटं साधारण एवढ्या पट्ट्यात आहेत. शेवटी 551 लिहा, 12.5 तसाच राहतो. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांची रीत अशी की या पट्ट्याच्या दीडपट अंतर दोन्हीकडे सोडायचं आणि त्याच्या पलीकडचा आकडा संशयित धरायचा. इथे वरची मर्यादा 527.25, म्हणून 551 लगेच पकडला जातो. पकडला म्हणजे खोडायचा नाही. पाकीट शोधून पुन्हा काट्यावर ठेवायचं.

वेगवेगळ्या वजनांच्या पाकिटांची तुलना करायची असेल तर प्रमाण विचलनाला सरासरीने भागून टक्के काढा, हा चलन गुणांक. मावशींचा 1.65 टक्के. मेतकुटाच्या 100 ग्रॅमच्या पाकिटात 4 ग्रॅमचं विचलन असेल तर ग्रॅममध्ये निम्मं दिसतं, पण ते 4 टक्के आहे, म्हणजे जास्त वाईट. देशाच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाचा हाच गुणांक साधारण 10 टक्के आहे, सरासरी 87 सेंटिमीटर.

मावशींचा हात मुळीच वाईट नाही. त्या डब्याच्या मापाने भरायच्या, काठोकाठ, वरून उलथन्याने सपाट करून. पण गिरणीतून नुकतीच आलेली भाजणी फुललेली असते आणि पिंपाच्या तळाची दबलेली. डबा तोच, वजन वेगळं. मी वही त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्याच म्हणाल्या, "अगं, तळाची जड असते, हे मला हाताला कळतं." आता डबा थोडा कमी भरतात आणि शेवटचा चमचा काट्यावर बघून घालतात. पुढच्या आठवड्यातली त्यांची नऊ पाकिटं : 500, 503, 499, 504, 502, 501, 505, 502, 502. प्रमाण विचलन 1.9.

दर शनिवारी मी दोघींची नऊ-नऊ पाकिटं काढते. विचलन 3 च्या वर गेलं की आधी काटा तपासते, मग पिंप, आणि हाताबद्दल विचारायची वेळ आली तर सगळ्यात शेवटी.