सर्व्हरवर लक्ष ठेवायला कुठलं टूल शिकू?

सिस्टिम अ‍ॅडमिनच्या कामाला नव्याने लागलेली मुलं हमखास विचारतात, "सर, प्रोमिथियस शिकू की झॅबिक्स?" दोन्ही अनेक मशीन्सवर लक्ष ठेवणारी टूल्स. मी सांगतो, आधी सार (sar) चालू करा, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या नोंदी दाखवणारी लिनक्सची कमांड. चेहरे पडतात, कारण सारमध्ये रंगीत आलेख नाहीत.

पण तक्रार येते ती सकाळी, आणि असते काल रात्रीची. टॉप, एचटॉप या कमांड मशीनवर आत्ता काय चाललंय एवढंच दाखवतात. सार मागचं दाखवतं. ते सिसस्टॅट या पॅकेजात येतं आणि साधारणपणे दर १० मिनिटांनी नोंद ठेवतं. डेबियन-उबुंटू या लिनक्सवर पॅकेज टाकलं म्हणजे झालं असं समजू नका. नोंदी घेणं बऱ्याचदा बंदच असतं, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगतो. ४ कोअरचा डेटाबेस सर्व्हर, लोड (चालू असलेल्या आणि वाट बघत थांबलेल्या प्रोसेसचा सरासरी आकडा) विशीच्या पुढे, आणि सीपीयू मात्र बराचसा रिकामा. नवा मुलगा म्हणाला, कोअर वाढवू या. व्हीएमस्टॅट (सीपीयू, मेमरी, डिस्कची स्थिती एकत्र दाखवणारी कमांड) दर सेकंदाला लावून बघितलं. (पहिली ओळ सोडून द्यायची, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते.) 'आर' कॉलम (सीपीयूच्या रांगेतले प्रोसेस) शांत, 'बी' (डिस्कसारख्या कामासाठी अडकलेले) फुगलेला, 'डब्ल्यूए' (डिस्कची वाट बघण्यात गेलेला सीपीयूचा वेळ) चढलेला. लिनक्सच्या लोडमध्ये सीपीयूची वाट बघणारे प्रोसेस असतातच, पण डिस्कसाठी अडकलेलेही मोजले जातात. डिस्कचे आकडे देणाऱ्या आयओस्टॅटमध्ये 'अवेट'ने (डिस्कच्या एका कामाला लागणारा सरासरी वेळ) उरलेलं सांगितलं, आणि सारच्या नोंदींत रोज ठरावीक वेळी तोच चढ दिसला. बॅकअप आणि एक जड रिपोर्ट, दोन्ही क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) एकाच वेळेला लावलेले. रिपोर्टची वेळ बदलली. कोअर होते तेवढेच राहिले.

आयओस्टॅटमध्ये 'युटिल' (डिस्क किती टक्के वेळ कामात होती) १०० दिसलं की लगेच डिस्क भरडली जातेय म्हणू नका. एसएसडी एकाच वेळी अनेक कामं उरकते, तिथे हा आकडा फसवतो. मेमरी बघायला फ्री ही कमांड चालवली तर 'फ्री' कॉलमऐवजी 'अव्हेलेबल' बघा. क्लाउडवर असाल तर व्हीएमस्टॅटच्या 'एसटी' कॉलमवरही नजर टाका. तो वेळ आपल्या व्हर्च्युअल मशीनला हवा होता, पण हायपरव्हायझरने (एका यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) दिला नाही.

सार चालू केल्यावर व्हीएमस्टॅट शिका म्हणतो, त्याला आणखी एक कारण आहे. उद्या लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी किंवा एआयएक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम पुढ्यात आली तर तिथेही ते भेटतं, कॉलम थोडे इकडचे तिकडे. फ्रीबीएसडीवर फ्री नसतं, डिस्कसाठी जीस्टॅट असतं.

मशीन्स वाढली की मग प्रोमिथियस घ्या. २०१२ मध्ये साउंडक्लाउडमध्ये ते सुरू झालं. प्रत्येक मशीनवर नोड एक्स्पोर्टर हा छोटा प्रोग्रॅम ९१०० पोर्टवर आकडे मांडून बसतो, प्रोमिथियस ते ठरावीक वेळाने ओढून घेतं. काही बदललं नाही तर डेटा १५ दिवसच राहतो. वर्षाची तुलना लागणार असेल तर आधीच सोय करा. प्रोमिथियससोबत वापरलं जाणारं ग्राफाना फक्त आलेखांचं चित्र काढतं, आकडे गोळा करत नाही. मुलाखतीत इथे बरेच जण अडखळतात.

अलर्टच्या बाबतीत मी कंजूष आहे. सीपीयू ९० टक्क्यांवर गेला म्हणून रात्री कुणाला उठवायचं नाही. रात्रीचे जॉब सीपीयू खाणारच. डिस्क भरत आली तर मात्र उठवायचं. आणि जागेसोबत आयनोडवरही (प्रत्येक फाइलमागे लागणारी, मोजकीच असणारी नोंद) अलर्ट लावा, कारण लाखो बारक्या सेशन फाइल्स साचल्या की डिस्कची जागा सांगणारी डीएफ कमांड भरपूर जागा दाखवते आणि तरी "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" येतं. अशा वेळी डीएफला 'आय' जोडून (df -i) चालवा, आयनोड किती उरले ते दिसतं.