गाडी विकताय? खोट आधी दाखवा

जुनी गाडी परस्पर विकायला काढली की गिऱ्हाईक फोंड्याहून म्हापशापर्यंत येतं, खाली वाकून गंज बघतं आणि उभ्या उभ्या वीस हजार कमी करायला सांगतं. वर आपण लपवाछपवी केली हा संशय वेगळाच. यंदा मी उलट केलं.

१. पायाखालच्या मॅट उचलल्या, डिकीतली स्टेपनी बाहेर काढली आणि खालच्या पत्र्याचे, दारांच्या खालच्या कडांचे भर उन्हात फोटो काढले. आपल्याकडचा खारा वारा आणि पाऊस, गंज धरतो तो इथेच. माझ्या ड्रायव्हर सीटखाली रुपयाएवढं भोक निघालं, मलाच पत्ता नव्हता!

२. एका कागदावर सगळं लिहिलं: डावा दरवाजा रंगवलेला, क्लच जड, एसी चढावर दमतो, विम्याचा क्लेम एकदा घेतलेला.

३. कागद, फोटो आणि किंमत एकदमच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, बघायला बोलावण्याआधी. निम्मे गप्प झाले. बरंच झालं, तेवढ्या फेऱ्या वाचल्या. जो आला त्याने घासाघीस फक्त टायरांवर केली.

४. सौदा ठरल्यावर त्याच कागदावर तारीख, किलोमीटर आणि दोघांच्या सह्या.

एक सांभाळा: कागदावर सही झाली म्हणजे गाडी नावावरून उतरली असं नाही. फॉर्म २९ भरून १४ दिवसांत आरटीओला कळवा, नाहीतर घेणाऱ्याची चलनं तुमच्या मोबाईलवर येत राहतील.