एलईडी दिवे बसवल्यावर गाडीच्या वायरिंगमधला दोष कसा शोधावा

नवे एलईडी दिवे बसवले की हमखास दिसणाऱ्या तक्रारी ठरलेल्या आहेत: इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकतो, डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची सूचना येते, दिवा थरथरतो, किल्ली काढल्यावरही मंद तेवत राहतो, फ्यूज उडतो किंवा सकाळी बॅटरी उतरलेली असते. बहुतेक वेळा नवा दिवा खराब निघालेला नसतो. गाडीची यंत्रणा जास्त वीज खाणाऱ्या तारेच्या बल्बसाठी (आतली तार तापून उजळणाऱ्या जुन्या बल्बसाठी) आखलेली असते आणि एलईडी फारच कमी वीज घेतो. २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब १२ व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो, तेच काम एलईडी दोन-तीन वॅटमध्ये करतो. गाडीला हा फरक कळतो आणि ती आपल्या पद्धतीने तो दाखवते. म्हणून रेझिस्टर (वीज खाऊन भार वाढवणारा भाग), डीकोडर (जुनाच बल्ब आहे असं गाडीला भासवणारं उपकरण) असलं काही विकत घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा.

आधी जुना बल्ब परत लावा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि इथेच वेळ वाया जातो. जुना बल्ब लावल्यावर सगळं सुरळीत चाललं, तर वायरिंग ठीक आहे आणि प्रश्न फक्त कमी भाराचा आहे. जुन्या बल्बलाही तीच अडचण आली, तर बसवताना एखादी तार निसटली, दबली किंवा अर्थ (दिव्यातून वीज गाडीच्या बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारा जोड) सैल झाला असं समजा. एलईडी अजिबात लागत नसेल, तर तो होल्डरमधून काढून उलटा फिरवून बसवा. एलईडी म्हणजे डायोडच, वीज एकाच दिशेने वाहू देतो. कित्येक दिवे एवढ्यानेच लागतात.

हाताशी मल्टिमीटर आणि तारेच्या बल्बचा साधा टेस्ट लॅम्प असू द्या. तार कापायची किंवा जोडायची असेल तेव्हा बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा.

अर्थ तपासा

विचित्र वागणाऱ्या दिव्यांमागे बऱ्याचदा अर्थ असतो. ब्रेक दाबला की पार्किंगचा दिवा मंद होतो, इंडिकेटरबरोबर टेललाइटही लुकलुकते, अशी लक्षणं दिसली तर आधी इकडेच बघा. अर्थ नीट नसला की वीज परतीसाठी शेजारच्या दिव्यातून वाट काढते, आणि एलईडी एवढ्याशा विजेवरही पेटतो.

दिवा चालू ठेवा. मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल टोक दिव्याच्या अर्थ तारेला लावा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर अर्थचा बोल्ट काढा, रंग आणि गंज घासून खालचा उघडा धातू दिसू द्या आणि लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) घट्ट आवळा. रंगावर आवळलेला बोल्ट वरून कितीही पक्का वाटला तरी अर्थ देत नाही.

वेगाने लुकलुकणारा इंडिकेटर

जुन्या धाटणीचा फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा भाग, किती करंट जातोय त्यावर चालतो. करंट कमी झाला की एक बल्ब गेला असं धरून तो वेग वाढवतो. गाडीत वेगळा फ्लॅशर रिले असेल तर तोच बदलून एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवा. माझ्या मते हाच सरळ उपाय. नव्या फ्लॅशरच्या पिना जुन्याशी ताडून पाहा, कारण बॅटरीची आणि दिव्याची पिन उलटसुलट असू शकते. तिसरी पिन असेल तर ती अर्थची.

अनेक आधुनिक गाड्यांत मात्र वेगळा फ्लॅशर नसतो, ते काम कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, करतं. तिथे काही गाड्यांत सेटिंग बदलता येतं, नाहीतर लोड रेझिस्टर लावावा लागतो. २१ वॅटच्या बल्बसाठी ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर चालतो. त्याचं एक टोक इंडिकेटरच्या तारेला, दुसरं अर्थला. इंजिन चालू असताना पेटलेल्या क्षणी त्यात तीसेक वॅट उष्णता तयार होते, म्हणजे हात भाजेल इतका तो तापतो. तो उघड्या धातूच्या पत्र्यावर स्क्रूने बसवा. प्लास्टिक, फोम आणि वायरच्या जुडग्यापासून दूर ठेवा. केबल टायने वायरिंगला बांधलेला रेझिस्टर आग लावू शकतो, हे अगदी गांभीर्याने घ्या.

दुचाकीवर एक वेगळाच प्रकार दिसतो: एका बाजूचा इंडिकेटर दिला की चारही लुकलुकतात. डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंना मिळून एकच सूचक बल्ब असेल, तर तो डाव्या आणि उजव्या तारेच्या मध्ये जोडलेला असतो. त्यातून पलीकडे जाणारा किंचित करंट तारेच्या बल्बला पेटवू शकत नाही, एलईडीला पुरतो. यावर उपाय दोन डायोडचा आहे, १एन४००७ चालतात. डाव्या आणि उजव्या तारेवरून एकेक डायोड घ्या, दोन्हींची पट्टा असलेली टोकं एकत्र करून सूचक बल्बच्या एका बाजूला द्या आणि दुसरी बाजू अर्थ करा.

थरथर, मंद उजेड आणि चुकीची सूचना

कित्येक गाड्या दिव्यांना सलग वीज देत नाहीत, ती झपाट्याने चालू-बंद करत राहतात. बल्बची तापलेली तार तेवढ्यात थंड होत नाही म्हणून आपल्याला कळत नाही. एलईडी मात्र प्रत्येक ठोका दाखवतो. शिवाय बल्ब शाबूत आहे का हे पाहण्यासाठी मॉड्यूल दिवा बंद असतानाही बारीक ठोके पाठवतं. त्यानेच एलईडी मध्येच चमकतो किंवा तेवत राहतो. गाडीच्या मॉडेलला जुळणारा कॅनबस (गाडीतल्या मॉड्यूलांना जोडणारं जाळं) डीकोडर बसवला की हे सहसा थांबतं.

काही जुन्या दुचाकींत हेडलाइट बॅटरीवर नसून मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) एसीवर चालते. इंजिन बंद असताना ती लागत नाही आणि ॲक्सिलरेटर पिळला की उजेड वाढतो. डीसीसाठीचा एलईडी तिथे थरथरणारच. हेडलाइट डीसीवर घ्यावी लागते. पण आधी चार्जिंग तेवढा भार पेलतं का ते पाहा: सगळे दिवे लावून, इंजिन मध्यम वेगात ठेवून बॅटरीवर १३.५ व्होल्टच्या वर आकडा टिकायला हवा.

दिवे लावले की एफएम रेडिओत खरखर येत असेल तर ती एलईडीच्या ड्रायव्हरची, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटची. ड्रायव्हरच्या तारेवर फेराइटची कडी चढवा आणि ती तार अँटेनाच्या केबलपासून लांब न्या.

फ्यूज उडत असेल तर

मोठ्या अँपिअरचा फ्यूज कधीही घालू नका. मग फ्यूजऐवजी तार जळते. फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांमध्ये टेस्ट लॅम्प जोडा आणि नवा एलईडी कपलरमधून (तारांच्या प्लगमधून) सोडवून ठेवा. लॅम्प तरीही लख्ख पेटला तर तार कुठेतरी बॉडीला टेकली आहे. आता तार हळूहळू हलवत जा. डिकीची बिजागरी, स्टिअरिंगजवळची वळणं, क्लिपखाली चेपलेली जागा, हे आधी बघा. लॅम्प जिथे विझेल तिथे दोष.

जादा लाइट बार स्विचवरून थेट चालवू नका, रिले (कॉइलला थोडी वीज देऊन मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा. १२० वॅटचा बार १० अँपिअर घेतो, त्याला १५ अँपिअरचा फ्यूज आणि २.५ चौरस मिलिमीटरची तार पुरते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. रिलेच्या ३० नंबरला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला दिवा, ८५ आणि ८६ वर कॉइल.

बॅटरी उतरत असेल तर

किल्ली काढा, दारं बंद करा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या खुणेवर ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हशी सिरीजमध्ये जोडा, म्हणजे निगेटिव्हची तार काढून ती आणि टर्मिनल यांच्या मध्ये. मॉड्यूल झोपायला वेळ लागतो, म्हणून अर्धा तास थांबा. ५० मिलीअँपिअरपेक्षा जास्त वाहत असेल तर नव्या दिव्यांचा फ्यूज काढून बघा. आकडा पडला तर रिलेची कॉइल कायम वीज असलेल्या तारेवर जोडली गेली आहे. ती किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या तारेवर घ्या. मीटर असा जोडलेला असताना गाडी सुरू करू नका.

जोड पक्के करा

तार न सोलता चिमट्याने दाबून बसवायचे टॅप कनेक्टर मला अजिबात पसंत नाहीत. ते आतल्या काही तारा तोडतात, त्यात पाणी शिरतं आणि महिन्याभराने दोष पुन्हा उपटतो. तार सोलून क्रिंप करा (धातूच्या नळीत घालून दाबा), वर गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा आणि जोड शक्यतो खाली तोंड करून ठेवा.

शेवटी सगळे दिवे एकदम लावून दहा मिनिटं गाडी चालू ठेवा आणि प्रत्येक जोडाला हात लावा. गरम लागला तर तो पुन्हा करा. हेडलाइटचा एलईडी बदलला असेल तर अंधारात भिंतीसमोर गाडी लावा. रिफ्लेक्टरच्या हेडलाइटमध्ये एलईडीच्या चिप बरोबर डाव्या-उजव्या दिशेला असायला हव्यात, वर-खाली नकोत. त्या तशा बसवूनही प्रकाश वर फाकत असेल आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपत असतील, तर त्या हेडलाइटला जुना हॅलोजनच लावा.