हिरडीतून रक्त येतंय म्हणून ब्रश बंद केलाय? या चुका टाळा

सकाळी बेसिनमध्ये थुंकी लालसर दिसली की घरात सल्ला तयारच असतो: "चार दिवस ब्रश लावू नकोस, बोटानं घास." सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

रक्त बहुतेक वेळा ब्रशमुळे येत नाही. हिरडीच्या कडेला जिवाणूंचा चिकट थर साचतो, त्यानं हिरडी सुजते आणि मग नुसता धक्का लागला तरी रक्त येतं. आपल्या तोंडात 700 हून जास्त प्रकारचे जिवाणू सापडतात, त्यातले बरेचसे निरुपद्रवी असतात. त्रास होतो तो थर तसाच राहिला की. पावसाळ्यात पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर धरलेलं शेवाळ नुसतं पाणी ओतून जातं का? तसंच हे, चूळ भरून निघत नाही, घासावंच लागतं.

1965 मध्ये डेन्मार्कमध्ये 12 निरोगी माणसांना दात घासणं मुद्दाम बंद करायला लावलं होतं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. तेव्हा रक्त येतं तिथंच मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून, जोर न लावता फिरवा. दोन वेळा, दोन-दोन मिनिटं. आठवडा-दहा दिवसांत फरक पडला नाही तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा.

दुखत नाही म्हणून थांबणं, ही दुसरी चूक. निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली खाच तीनेक मिलिमीटरपर्यंत असते. ती खोल झाली की आत ऑक्सिजन पोचत नाही, आणि पॉर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या जिवाणूंना नेमकं तेच हवं असतं. त्यांच्याशी झुंजताना शरीराचीच सूज दाताखालचं हाड झिजवते. याला आपण पायरिया म्हणतो. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

रविवारी तांबडा-पांढरा झाल्यावर दाढेत अडकलेला मटणाचा धागा टाचणीनं कोरू नका. हिरडीला जखम होते आणि थर जागेवरच राहतो. दातांतला दोरा किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश मेडिकलमध्ये मिळतो.

"क्लीनिंग केलं की दात हलतात" हे तर कोल्हापूरभर ऐकू येतं. दात हाड झिजल्यामुळे आधीच हलत असतात. फटीत भरलेलं कीटण निघालं की ते जाणवतं, एवढंच. थर कडक होऊन कीटण झालं की ते घरच्या ब्रशनं निघत नाही. मेडिकलमधून आणलेली अँटिबायोटिकची गोळीही त्या थरात नीट शिरत नाही. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाची चूळ डॉक्टर सांगतील तितकेच दिवस. जास्त वापरली की दात तपकिरी पडतात.

मिश्रीबद्दल स्पष्टच बोलतो: ती भाजलेली तंबाखू आहे, दातांचं औषध नव्हे. विडी-सिगारेटवाल्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, कारण तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात. आजार आत वाढतच असतो.

आणि शुगर असेल तर दाताच्या डॉक्टरांना आधी तेच सांगा, शेवटचा रिपोर्टही न्या. शुगर वाढलेली असेल तर हिरडी लवकर बिघडते, आणि हिरडीची सूज शुगर आटोक्यात येऊ देत नाही.